टीचरच्या पियानोतला दिवा

आज टीचरना माती देऊन आलो. ९१ वर्षांच्या होत्या.

चर्चमध्ये गायकमंडळाला पट्टीच सापडेना. ४० वर्षं ती काळजी टीचरची. आधी पायपेटीवर, मग पियानोवर. रेव्हरंड टिळकांचं भजन असलं की त्यांच्या बोटांना अभंगाची लय यायची, आणि लगेच पुढच्या गीताला चार आवाजांची पाश्चात्त्य हार्मनी. मधे श्वास घ्यायलाही थांबायच्या नाहीत.

माझा शिकवणीचा वार गुरुवार. हॅननचे, म्हणजे बोटांच्या सरावाचे, व्यायाम वाजवताना मनगटावर रुपयाचं नाणं ठेवायच्या. पडलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटपर्यंत टिकलं तर नाणं आपलं. सात वर्षांत माझी कमाई तीन रुपये! 

पावसाळ्यात पियानोच्या पोटात छोटा बल्ब जळत ठेवायच्या, नाहीतर दमट हवेनं लाकूड फुगतं आणि पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. मुलगा बिलावरून कुरकुरला की म्हणायच्या, "तुझ्या फ्रिजमध्ये दिवा चालतो, माझ्या पियानोत नाही होय रे?"

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पियानोचं झाकण बंद, वर त्यांचा चष्मा. खालच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नसावं. मीही बटणाला हात लावला नाही.