बाभळीच्या सालीच्या गुळण्या

हिरड्या सुजल्या, दात घासताना रक्त दिसलं की मराठवाड्यात अजूनही बांधावरची बाभूळ आठवते. पण बाभूळ कोणती, ते आधी बघा. गावबाभळीचं फूल पिवळं, गोल गोंड्यासारखं. शेंग करडी, दर दाण्यापाशी आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. पडिकात माजलेल्या वेड्या बाभळीचं फूल लांबट तुऱ्याचं असतं, शेंग पिवळट. ती या कामाची नाही.

खोडाची साल काढू नका. खोडाभोवती कडं पडलं की पानांतलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि चांगलं झाड उभ्या-उभ्या वाळतं. नाहीतरी कुपाटीसाठी, म्हणजे काटेरी कुंपणासाठी, फांद्या तुटतातच. त्यातलीच मनगटाएवढी ओली फांदी घ्या. वरचं काळपट, भेगाळलेलं टरफल कोयत्यानं खरवडून टाका. आतली तांबूस, चिवट साल ठेवायची. पावसाळा सरल्यावर ती सहज सुटते. आयुर्वेदातही सालीचा हंगाम शरदच. बोटभर तुकडे सावलीत वाळवा. तुकडा कटकन मोडला तरच डब्यात भरा. वाकला तर ओल आहे, आठवड्यात बुरशी धरेल.

काढ्याला 20 ग्रॅम साल जाडसर कुटा. पीठ केलं तर काढा गढूळ होतो आणि बुडाला लागतो. सोळापट, म्हणजे 320 मिली पाण्यात घालून झाकण न ठेवता मंद आचेवर उकळा, 80 मिली उरलं की फडक्यातून गाळा. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. लोखंडी कढईत सालीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोहाशी मिळतं आणि काढ्याची शाई होते. पूर्वी शाई अशीच तर करायचे! याच टॅनिनसाठी ही साल कातडं कमवायला वापरतात. हिरड्या आवळतात त्या त्याच तुरटपणानं.

कोमट काढा अर्धा मिनिट तोंडात खेळवून थुंकायचा, सकाळ-संध्याकाळ, चार-पाच दिवस. गिळू नका, पोट बांधतं. रोज ताजा करा, उरलेला आंबतो. महिनोन्महिने गुळण्या चालू ठेवल्या तर दातांवर डाग चढू शकतात.

दातांवर किटण साचलेलं असेल तर गुळण्यांनी सूज उतरेल, किटण तसंच राहील आणि हिरड्या पुन्हा सुजतील. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं. पू येत असेल, गाल सुजला असेल किंवा ताप असेल तर काढ्यात दिवस घालवू नका.