वाट पाण्याला विचारून काढावी

‘पायवाट बांधायला चाललोय’ म्हटलं की ऐकणारा हमखास म्हणतो, “बांधायची कशाला? माणसं चालली की वाट पडतेच.” खरंय, पडते. अशीच एक पडलेली वाट पहिल्या सकाळी ताईंनी आम्हाला दाखवली. ताई आमच्या तुकडीच्या प्रमुख. अर्धं आयुष्य याच कामात गेलेलं, बोलणं मोजकं.

टेकडीच्या माथ्यावरून नाकासमोर खाली उतरलेली ती वाट. माणसाला माथा दिसतो, तो सरळ चढतो. पावसाचं पाणीही मग तीच वाट धरतं. मधोमध गुडघाभर खोल ओघळ पडलेली, झाडांची मुळं उघडी. ओघळ चुकवायला लोक कडेनं चालतात, कडेचं गवत मरतं, तिथली माती सुटते आणि वाट आणखी रुंदावते. राखीव जंगलाच्या मधोमध एवढा मोठा ओरखडा, तोही निसर्गावर प्रेम करणाऱ्यांनीच काढलेला.

आमचं काम म्हणजे ही वाट बंद करून टेकडीच्या अंगाने आडवी, नागमोडी नवी वाट काढणं. आखणी आधीच झालेली होती, झाडांना रंगीत फिती बांधलेल्या. त्यामागचं गणित ताईंनी चालता चालता सांगितलं. डोंगराचा उतार जितका असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. नाहीतर पाणी वाट ओलांडून जायचं सोडून वाटेवरूनच धावतं. आणि एकंदरीत चढ दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा मीटर चाललं की एक मीटर वर. मी इतकी वर्षं डोंगर चढतोय, पण एखाद्या वाटेने दम का लागत नाही हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.

अवजारं हातात पडली तेव्हा मात्र गणित संपलं. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आडवं पातं असलेल्या अवजाराला ‘पुलास्की’ म्हणतात. एड पुलास्की या अमेरिकी वनरक्षकाचं नाव त्याला मिळालंय. 1910 च्या प्रचंड वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन त्यांतल्या बहुतेकांचा जीव वाचवणारा हाच तो. अवजार खांद्यावर टाकून चालायचं नाही, उताराकडच्या हातात खाली धरायचं. पाय घसरला तर ते दरीकडे फेकता येतं. कुणी घाव घालत असेल तर लांबूनच हाक मारायची आणि त्याने मान वर करून ‘या’ म्हटल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही.

आधी पालापाचोळा आणि खालची काळी भुसभुशीत माती पूर्ण काढायची. ती कुजते, पाणी धरते, चार पावसांत तिचा चिखल होतो. खालची घट्ट माती लागली की डोंगराच्या पोटात पायरीसारखा काप घ्यायचा. काढलेली माती बाहेरच्या कडेला ओतून वाट रुंद करायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ती भर पुढे खचते. म्हणून माती खाली लांबवर उधळून द्यायची. वाटेला बाहेरच्या बाजूला किंचित कल ठेवायचा, मीटरभर रुंदीला साधारण पाच सेंटीमीटर. डोळ्याला तो जाणवतही नाही, पाण्याला बरोबर कळतो. शिवाय अधूनमधून चढत्या वाटेला चार पावलं उतरवून पुन्हा चढवायचं, म्हणजे वाटेवर आलेलं पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडतं.

सगळ्यात वेळ खाल्ला तो एका दगडाने. एका उंचवट्यावर पायरी बसवायची होती. चौघांनी पहारी लावून दगड हलवला, तो दोन बोटं सरकला की खाली दगडाचा तुकडा सारायचा, मग पुन्हा पहार. उचलायचं कुणी नावही काढायचं नाही. बोटं आणि कंबर दोन्ही जातात. खड्ड्यात बसल्यावर ताई त्यावर उभ्या राहिल्या आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलल्या. बारीकसा ‘टक’ आवाज आला. “काढा,” म्हणाल्या. खड्डा पुन्हा उकरला, दगड फिरवून लांब बाजू डोंगरात घातली, फटींत चिपा ठोकल्या. दुसऱ्यांदा आवाज आला नाही. शाबासकीही आली नाही, म्हणजे जमलं असावं.

रात्री तंबूत पाठ टेकताना अमेरिकेतल्या साडेतीन हजार किलोमीटरच्या ॲपलाचियन ट्रेल या पायवाटेचा विचार यायचा. बेंटन मॅकाय या वनतज्ज्ञाने 1921 साली ती कल्पना मांडली, 1937 साली वाट पूर्ण झाली, आणि आजही तिची बरीचशी डागडुजी स्वयंसेवकच करतात. आमच्या दिवसभराच्या कामाची लांबी बघता हा आकडा ऐकून हसूच येतं.

जुनी वाट बुजवणं हे मात्र खोदकामापेक्षा चिवट. घट्ट झालेली माती उकरायची, म्हणजे बी रुजेल; ओघळीत आडवे ओंडके गाडायचे, वर वाळक्या फांद्या आणि पाचोळा असा पसरायचा की इथे वाट होती हे नवख्याला कळूच नये. फलक लावून काम भागत नाही. समोर सरळ वाट दिसली की माणूस वळणं घेत बसत नाही. मीही घेतली नसती.

आम्ही फांद्या रचून पाणी प्यायला बसलो, तोच वरून दोघं त्याच फांद्या बाजूला सारत, ओघळीतून घसरत उतरले. हसून नमस्कार केला आणि निघून गेले. मला काही बोलावंसं वाटलं, पण ताई तोवर उठल्याही होत्या. “वरून अजून दिसतंय तर,” त्या म्हणाल्या आणि रानात पडलेल्या एका भल्यामोठ्या वाळक्या खोडाकडे बोट दाखवलं. उरलेली दुपार ते ओढत वर नेण्यात गेली.