पट्टकादंबाच्या गळ्यातला हिरवा पट्टा

उजनीच्या फुगवट्यावर जानेवारीत जायचं तर आधी धरणातली पातळी बघायची, पक्ष्यांची यादी नंतर. पाऊस चांगला झाला असेल तर धरण पुढे बरेच दिवस तुडुंब राहतं. रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, लागतं उथळ पाणी आणि खाली चिखल. तो उघडा पडायला मग उशीर होतो. या वेळी पाणी तसंच वर होतं. म्हणून सहलीच्या मंडळींना मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं: रोहित कमी दिसतील, पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पाणपक्षी, मात्र मिळतील. त्यांना चिखल नको, हिरवळ हवी. पाणी जिथून सरकलंय त्या गाळपेर जमिनीत हरभरा, गहू कोवळा असतो. पट्टकादंब रात्री आणि पहाटे तिथे चरतात, ऊन तापलं की काठावर येऊन विसावतात. भिगवणला उजाडायच्या आत पोचायचं ते एवढ्यासाठी.

कुंभारगावच्या काठावरून दोन होड्या घेतल्या. प्रत्येकीत सहा जण, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि होडीत कुणी उभं राहायचं नाही. होडी थव्याच्या पूर्वेला न्यायची, म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी राहतो आणि पक्ष्यांवर समोरून उजेड पडतो. इंजिन दीडशे मीटरवर बंद केलं, पुढे बांबूने रेटा. चिलापी माशांसाठी टाकलेली जाळी त्या पट्ट्यात फार असतात; पंख्यात जाळं गुंतलं की मासेमाराचं नुकसान होतं आणि सोडवताना होणाऱ्या धडपडीने थवाही उठतो.

थवा उठणार हे आधी कळतं. पक्षी चरायचं थांबवतात. मग एकेक मान वर येते, मग सगळे एकाच दिशेला चालू लागतात. निम्म्या माना वर आल्या की थांबायचं, एक हातही पुढे नाही. होडीतून कुणीतरी म्हणालंच, "मामा, जरा उडवा ना, फोटो छान येईल." होडीवाल्या मामांनी बांबू चिखलात रोवला आणि म्हणाले, "उडवले तर पोटाला काय खातील?" पक्षी असे मुद्दाम उडवण्याची मला खरोखर चीड येते. हा पक्षी हिमालय ओलांडून आलेला असतो. उड्डाणात सात हजार मीटरच्या वर त्याची नोंद झालेली आहे. परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्याला इथेच साठवायची असते, आणि प्रत्येक विनाकारण उड्डाण त्यातूनच वजा होतं.

दुर्बिणीतून मोजत असताना एका पक्ष्याच्या गळ्यात हिरवं काहीतरी दिसलं. पक्षी पुन्हा ओळखू यावा म्हणून अभ्यासकांनी चढवलेला, कोड लिहिलेला खुणेचा पट्टा. कुठल्या देशातल्या अभ्यासाचा, ते पट्ट्याचा रंग आणि अक्षरांची पद्धत यांवरून ठरतं. पण त्यासाठी तो वाचता यायला हवा, आणि होडीतून ते जमत नाही. तिवईवरचा स्कोप, म्हणजे एकनळी दुर्बीण, होडीच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर हलतो. आम्ही मागे फिरलो, काठावर उतरलो आणि बांधाच्या आडोशाने गेलो. तिवईचे पाय आखूड केले, मधल्या हुकाला पाठपिशवी अडकवली, म्हणजे वाऱ्याने थरथर होत नाही. अंतर दोनशे मीटरच्या आसपास.

इथे बहुतेकांची चूक होते ती प्रतिमेचा मोठेपणा वाढवण्यात. स्कोप ६० पट करतो म्हणून ६० पट लावायचा नसतो. नऊनंतर ओल्या जमिनीवरून हवा थरथरू लागते आणि मोठेपणा वाढवला की ती थरथरही वाढते. तीस पटीवर प्रतिमा लहान दिसते, पण अक्षराच्या कडा टिकतात. याहून उपयोगी गोष्ट म्हणजे स्कोपला मोबाइल लावून एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. हवा मध्येच क्षणभर स्थिर होते. डोळ्याला ते कळत नाही, पण व्हिडिओ एकेक चौकट थांबवून पाहिला की त्यात दोन-चार स्वच्छ चौकटी हमखास सापडतात.

पट्ट्यावर कोड सगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो, त्यामुळे पक्षी कुठेही तोंड करून बसला तरी काही भाग दिसतो. अडचण पिसांची. मान आखडली की पट्ट्याची खालची कड झाकली जाते, आणि मग ८ आणि बी, ० आणि डी, १ आणि ७ यांचा गोंधळ सुरू होतो. म्हणून पक्ष्याने मान ताणेपर्यंत थांबायचं आणि निदान दोन वेगळ्या पवित्र्यांत वाचायचं. आम्ही तिघांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या कागदांवर कोड लिहिला. दोन कागद जुळले, तिसऱ्यावर शेवटचा आकडा वेगळा. व्हिडिओतल्या चौकटींनी निकाल लावला. तो लागला नसता तर त्या जागी रेघ मारून पाठवायचं. अंदाजाने भरलेला आकडा दुसऱ्याच एखाद्या पक्ष्याच्या नावावर चुकीचा प्रवास चढवतो.

नोंदीत कोडबरोबर पट्ट्याचा आणि अक्षरांचा रंग, अक्षांश-रेखांश, वेळ, थव्यातली संख्या, पक्षी काय करत होता आणि पायात कडं होतं का, एवढं लिहिलं. ती १८८३ पासून चालत आलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवली. काही दिवसांनी उत्तर आलं: मंगोलियातला पक्षी, जुलैमध्ये पकडलेला. जुलैतच का, तर तेव्हा या कादंबांची उड्डाणपिसं एकदम झडतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. पट्टा चढवायला तोच काळ सोयीचा.

दुपार जेवणात आणि प्रवासात गेली. चारला कडबनवाडीच्या माळावर. वनखात्याची परवानगी आणि सोबत वाटाड्या, गाडी फक्त मळलेल्या वाटेवर. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, पखुर्डी तिथेच दबून बसते. चाक वाटेबाहेर गेलं तर काय चिरडलं ते कळतही नाही. चिंकारे दिसले. दचकून पळाले आणि थोड्या अंतरावर थांबून, वळून बघत राहिले. फोटो त्या थांब्यावर मिळतो, पाठलागात नाही.

खरं काम सूर्यास्ताच्या आधीच्या पाऊण तासाचं. भोवत्ये, म्हणजे माळावरचे हे शिकारी पक्षी, दिवसभर एकेकटे शिकार करतात आणि रात्री गुडघाभर कुसळी गवतात, जमिनीवर, एकत्र मुक्कामाला येतात. ते उतरतात, परत उठतात, पुन्हा उतरतात. सरसकट मोजलं तर आकडा दुप्पट होतो. म्हणून चौघांना माळाचे चार भाग वाटून दिले. आपल्या भागात उतरलेले अधिक, उठलेले वजा, दर पाच मिनिटांनी नोंद. नर ओळखायला पंख बघायचा: पांढुरक्या भोवत्याच्या टोकाला काळी पाचर, माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखावर आडवी काळी रेघ. माद्या आणि अपरिपक्व पक्षी त्या उजेडात सुटत नाहीत. त्यांना नुसतं 'भोवत्या' लिहायचं.

अंधार पडला तेव्हा बेरीज आली ३१, त्यातले १९ न ओळखलेले. याच माळाच्या एका कडेला झाडं लावण्यासाठी चर खणलेले आहेत आणि तिथे एकही भोवत्या उतरला नाही. गवताळ माळाला पडीक समजून त्यावर झाडं लावणं हे या पक्ष्यांचं घर मोडणं आहे. भोवत्यांच्या ओकलेल्या गोळ्या फोडून पाहिल्या तर नाकतोड्यांचे पाय आणि जबडे निघतात, म्हणजे हे पक्षी गेले तर शेजारच्या शेतकऱ्याचाही तोटाच. गोळ्या वेचायच्या झाल्या तर परवानगी काढून, सकाळी पक्षी उठून गेल्यावर. परतताना गाडी अगदी हळू ठेवली, कारण रातवे पक्षी तापलेल्या वाटेवर बसतात आणि दिव्यांसमोरून लवकर उठत नाहीत.