कोइंब्राच्या फरशा आणि आकृतीतली सिद्धता

पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या-पांढऱ्या आझुलेझु फरशा आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. मी सध्या राहतो त्या पोर्तुगालमधील कोइंब्रा शहराच्या माशादु द काश्त्रु संग्रहालयात त्याच जातीच्या काही फरशा आहेत. मात्र त्यांवर ना संत आहेत, ना गलबते. त्यांवर युक्लिडच्या भूमितीतील आकृत्या आहेत. १७५९ साली जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या पाद्र्यांची पोर्तुगालमधून हकालपट्टी होण्यापूर्वी त्यांच्या येथील महाविद्यालयात त्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरल्या जात. सिद्धता फरशीवर लिहिलेली नाही. ती शिक्षकाने आकृतीतूनच उलगडून दाखवायची.

आपल्या शाळेत आपण पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमाने लिहायला शिकलो आणि शेजारची कच्ची आकृती केवळ सोबतीला असे मानत आलो. मला हे आकृतीवर अन्याय करणारे वाटते. अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालताना एक ठिपका द्या, त्याच्या दोन बाजूंना काटकोनात तीन ठिपके द्या, मग पाच, मग सात. दर वेळी चौरसच तयार होतो. पहिल्या काही विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्या असते, हे येथे दिसते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते का, हेही दिसते, कारण कोणत्याही चौरसाला पुढचा चौरस करायला दोन बाजू आणि एक कोपरा एवढेच ठिपके लागतात. हे कारण चार ठिपक्यांच्या बाजूला लागू आहे, तसेच चार हजारांच्याही. म्हणून ही आकृती नुसते उदाहरण न राहता सिद्धता ठरते.

भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त १५ आणि २० भुजांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण विचारून त्याची उपपत्तीही मागितली आहे. तसे चार त्रिकोण असे मांडायचे की त्यांचे कर्ण मोठ्या चौरसाच्या बाजू होतील. मध्ये ५ बाजूचा लहान चौरस उरतो. चार त्रिकोणांचे ६०० आणि मधले २५ मिळून ६२५, म्हणजे कर्ण २५. आकड्यांच्या जागी अक्षरे ठेवली तरी मांडणी तीच राहते.

तरीही आकृतीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. फोंड्याला नववीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीला मी व्हिडिओ कॉलवर ८ बाय ८ चा आलेखकागद कापायला सांगितले: ८ बाय ३ च्या पट्टीचे कर्णावर दोन त्रिकोण, उरलेल्या ८ बाय ५ च्या पट्टीचे दोन समलंब चौकोन. हे चार तुकडे ५ बाय १३ च्या आयतात व्यवस्थित बसल्यासारखे दिसतात. “काका, ६४ चे ६५ कसे झाले? जास्तीचा चौकोन आला कुठून?” असे तिने विचारले. मी उत्तर न देता तिला तिरप्या कडांचा चढ काढायला लावला. त्रिकोणाचा निघाला आठास तीन, समलंबाचा पाचास दोन, म्हणजे ०.३७५ आणि ०.४. कर्ण सरळ नव्हताच. सुमारे चौदा एकक लांबीची एक अतिशय अरुंद फट कर्णावर पसरलेली होती आणि तिचेच क्षेत्रफळ बरोबर एक होते. रांगोळीत ठिपका कुठे येणार हे मोजणीने ठरते. येथे कडा जुळतात हे आपण फक्त डोळ्यांवर सोपवले होते.

हाच डोळ्यांवरचा भरवसा खुद्द युक्लिडच्या पहिल्याच सिद्धांतात सापडतो, हे मला फार विलक्षण वाटते. दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढण्यासाठी तो दोन वर्तुळे काढतो आणि ती ज्या बिंदूत छेदतात तो तिसरा शिरोबिंदू मानतो. ती छेदतात हे आकृतीत दिसते, पण त्याच्या कोणत्याही गृहीतकातून ते निघत नाही. रेषाखंडाची टोके (०, ०) आणि (१, ०) घेतली, तर त्या शिरोबिंदूची उंची √३/२ येते. ही अपरिमेय संख्या आहे. प्रतलात केवळ परिमेय सहनिर्देशकांचे बिंदू असते, तर ही दोन वर्तुळे एकमेकांना ओलांडून गेली असती आणि त्यांना एकही सामाईक बिंदू मिळाला नसता. कागदावर मात्र तीच आकृती, तशीच, छेदलेली दिसली असती. ही उणीव भरून काढायला सांतत्याचे, म्हणजे रेषेत कुठेही फट नाही असे सांगणारे, वेगळे गृहीतक लागते, आणि ते स्पष्ट शब्दांत मांडले जायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.