टेकडी समोर, परवानगी साहेबांच्या टेबलावर (माझा अनुभव)

आमच्या इथल्या मराठी शाळेच्या व्हरांड्यातून पुण्याची वेताळ टेकडी दिसते. सातवीच्या पोरांना शनिवारी सकाळी तिथे चालत न्यायचं, झाडं पक्षी दाखवायचे, दुपारच्या आत परत, एवढाच बेत. मी नुसती पालक, पण रोज टेकडीवर जाते म्हणून मोठ्या बाईंनी कागदपत्रांचं माझ्या गळ्यात टाकलं. वनखात्याचं पत्र, पालकांची संमतीपत्रं वगैरे पटापट झालं.

अडलं ते शिक्षणखात्याच्या एका ऑफिसात. सहलीचा फॉर्म दिला तर क्लार्क म्हणतो, "मॅडम, गाडी नंबर?" म्हटलं चालत जाणार आहोत. "हो, पण रकाना रिकामा चालत नाही, त्रुटी निघते." मग मी तिथेच 'लागू नाही' लिहिलं, तर ते म्हणे तुम्ही नाही लिहायचं, साहेबांनी लिहायचं, आणि साहेब मीटिंगला. पुढच्या वेळी साहेब जागेवर तर फाईल दुसऱ्या टेबलावर. तिथल्या बाईंना बसचं फिटनेस सर्टिफिकेट आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची झेरॉक्स हवी. अहो बसच नाही तर ड्रायव्हर कुठून आणू? तर म्हणाल्या, मग एखादी रिक्षा तरी दाखवा! शप्पथ सांगते, असंच म्हणाल्या.

2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याची कॉलेजची मुलं बुडाली, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण समुद्र आणि शाळेसमोरची टेकडी, दोघांना एकच फॉर्म? सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच सांगितलंय की शाळेत पर्यावरण सक्तीने शिकवा, 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना आहेत, आणि इथे माझी फाईल रिक्षावाचून अडलेली.

शेवटी मोठ्या बाईच आल्या. विषयातच 'पायी जाण्याबाबत' लिहिलं, सोबत हाताने काढलेला नकाशा, त्यात कुठल्या चौकात कोण सर उभे राहणार, जवळचा दवाखाना कुठे, सगळं. भेटीच्या वेळेत थेट साहेबांपुढे. त्यांनी गाडीच्या रकान्यावर एक तिरकी रेघ मारली आणि सही केली. दिवाळीनंतर दिलेला अर्ज आणि फेब्रुवारीत ती रेघ!

एक राहिलंच, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या ओसीवर (आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. माझी फाईल मध्ये 'सापडत नाही' झाली होती तेव्हा त्या नंबरानेच सापडली.

उशिराचा एक फायदा झाला, गणेर पिवळाधमक फुललेला, पांगाराही लाल. गिरिपुष्पाची रांगच्या रांग बघून एक पोरगी म्हणाली, सगळी सारखीच का झाडं? मग सांगितलं की हे मूळचं मध्य अमेरिकेतलं, भराभर वाढतं म्हणून लावलेलं, आणि याला उंदीरमारी पण म्हणतात. ते ऐकल्यावर पोरं तासभर उंदीर शोधत होती, पक्षी राहिले बाजूला. दहा पोरांमागे एक मोठं माणूस ठेवलं होतं ते बरं झालं, टेकडीवरच्या दगडखाणीच्या कडेला तेवढी माणसं लागतातच. आणि पाणी घरूनच आणायला सांगा, वर विकत मिळेल या भरवशावर राहू नका.

आता आठवीचे सर मागे लागलेत. त्यांना तो रेघ मारलेला फॉर्म झेरॉक्स करून दिलाय, अजून कोणाला हवा असेल तर सांगा.