ब्रास, सूत अन् कव्हर: आमच्या घरकुलाच्या नादात शिकलेले शब्द

घरकुलाच्या यादीत मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, नाव आलं तेव्हा आमचे मिस्टर पुण्याला कंपनीत, अन् इकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात मी, सासूबाई, मामाजी अन् दोन लेकरं. म्हणजे बांधकाम माझ्याच गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं. मला त्यातलं कळत काय होतं तर विटा, सिमेंट अन् रेती. बाकीचे शब्द मी भांडून, फसून अन् एकदा चारचौघात हसं करून घेऊन शिकली.

योजनेचे पैसे 1 लाख 20 हजार, तेही एकदम नाही तर हप्त्याहप्त्याने, अन् घर कमीत कमी 269 चौरस फुटाचं पाहिजे. आम्ही कापसाचे थोडे पैसे घालून साडेचारशे फूट धरलं. हप्ता अडकला तो एका शब्दावर. साहेब म्हणे प्लिंथ झाल्याचा फोटो पाहिजे, मिस्त्री म्हणे जोतं बाकी आहे, अन् सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबखाली टेकू अन् प्लेटा लावणारा, बालाघाटकडचा, तो म्हणे कुर्सी भरायची आहे. मी आठ दिवस समजत होती की तीन कामं राहिली. एकच होतं ते! जमिनीच्या वर घराचा जो ओटा येतो, ज्यावर पुढे भिंती उभ्या राहतात, तेच जोतं, तीच प्लिंथ अन् तीच कुर्सी.

त्या जोत्याच्या खाली काय आहे ते मात्र फोटोत दिसत नाही, अन् खरा घोळ तिथेच होतो. आमच्याकडे काळी माती, पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की लेकराचा हात जाईल. आमच्या जुन्या कवेलूच्या घराची एक भिंत अशीच दोन भाग झाली होती. मिस्त्री म्हणे, "वहिनी, तीन फूट बस झालं, कायले पैसे घालता?" मामाजी जिंदगीभर विहिरीच्या खोदकामावर राहिलेले, ते खड्ड्याच्या काठावर बसूनच होते, म्हणाले, "मुरूम लागेस्तोवर खोद." साडेपाच फुटावर पिवळा कडक मुरूम लागला. वरून मिस्त्री निघालेली काळी मातीच जोत्यात भरायला निघाला होता, तीही पुन्हा फुगली असती अन् फरशी उचलली गेली असती. ती माती शेतात टाकली अन् जोत्यात मुरूम भरून, पाणी मारून, थराथराने ठोकून घेतला. खर्च वाढला, पण इथे कंजुसी करू नका हे मी सगळ्यांना सांगते.

आता ब्रास. हा शब्द ज्याला कळत नाही त्याला ट्रॅक्टरवाले ओळखतातच. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, बस. घरकुलवाल्यांना पाच ब्रास रेती फुकट मिळते, पण आमचं घर मोठं, वरची विकतच घ्यावी लागली. तर ट्रॉली आली, ड्रायव्हर म्हणे "एक ब्रास आहे, खाली करू का?" मी त्या दिवशी लेकीच्या शाळेतली पट्टी नाही, मिस्त्रीचा टेप घेऊन ट्रॉलीवर चढली. साडी खोचून. लांबी आतून 10 फूट, रुंदी 6 फूट अन् रेतीची उंची मधे फुगीर, कोपऱ्यात बसलेली, चार जागी मोजून सरासरी सव्वा फूट निघाली. 10 गुणिले 6 गुणिले सव्वा म्हणजे 75 घनफूट. पाऊण ब्रास! तो म्हणे "रस्त्याने बसली रेती." बरं बसली, पण पाव ब्रास? वरून रेती ओली. ओली म्हणजे जास्त दबलेली असं मला वाटायचं, पण उलटं असतं, दमट रेती फुगते, बारीक असली तर वीस-पंचवीस टक्के सुद्धा, म्हणजे कोरडी झाली की ढीग आणखी बसणार. पैसे पाऊणचेच दिले. पुढच्या ट्रॉल्या जरा भरून यायला लागल्या.

लोहा आणायला गेली तर दुकानात म्हणे तीन सूत पाहिजे की चार सूत. आम्ही कापूसवाले, सूत म्हटलं की दुसरंच डोक्यात येते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन एमएम. म्हणून चार सूत म्हणजे 12 एमएम, तीन सूत म्हणजे 10 अन् अडीच सूत म्हणजे 8. वजन काढायचं तर एमएमचा आकडा त्याच आकड्याने गुणायचा अन् 162 ने भागायचं, एका मीटरचं किलोत वजन येते. 12 एमएमची 12 मीटरची कांब साडेदहा किलोच्या वर भरायला पाहिजे. हे मला आमच्या भाच्याने शिकवलं, तो पॉलिटेक्निकला सिव्हिल करतो.

त्याच भाच्यापायी हसं झालं. स्लॅबच्या आदल्या दिवशी त्याचा फोन, "मामी, कव्हर टाकलं का?" मी म्हटलं, "हो रे, कालच मोठी ताडपत्री आणली." तो इतका हसला की फोन पडला असेल. कव्हर म्हणजे झाकण नाही, लोखंड अन् काँक्रीटच्या बाहेरच्या कडेमधलं अंतर. स्लॅबला 20 एमएम तरी, कॉलमला 40. मी वर जाऊन पाहिलं तर जाळी सरळ सेंट्रिंगच्या प्लेटांवर झोपलेली! तसंच काँक्रीट पडलं असतं तर खालून लोहा उघडा राहून गंजला असता, मग पोपडे अन् खिपल्या. मिस्त्री म्हणे "ढलाईच्या वक्ती हाताने उचलून घेऊ." मी म्हटलं नाही भाऊ, आत्ताच. शेवटी सिमेंटच्या ठोकळ्या जाळीखाली सरकवल्या अन् मगच मिक्सर बोलावला. ताडपत्री मात्र वाया नाही गेली, तूर झाकली तिने.

स्लॅब झाल्यावर तराई, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओलं ठेवायचं. वरती सिमेंट-रेतीच्या मालाचे बांध घालून चौकोन केले अन् त्यात पाणी भरून ठेवलं. सासूबाई शिडीवरून डोकावून म्हणाल्या, "हे त कांद्याचे वाफे केले तू." चौदा दिवस बोअरचं पाणी, लाइट रात्री येईल तेव्हा रात्री, कधी दोन वाजता उठून सुद्धा. मिस्त्रीने सातव्या दिवशीच सेंट्रिंग काढायचा तगादा लावला, त्याला दुसरीकडे प्लेटा न्यायच्या होत्या. काढू नाही दिल्या.

सध्या छपाईचा, म्हणजे प्लास्टरचा, भाव चाललाय. मिस्त्री स्क्वेअर फुटाने सांगतो, पण दार-खिडक्यांची जागा वजा करणार की नाही, अन् छज्जाची खालची बाजू धरणार की नाही, हे काही तोंडातून काढत नाही. उद्या सकाळी येतो म्हणाला आहे, टेप मी उशाशीच ठेवला आहे.