धुराड्यापुढची खिडकी

रविवार, २७ ऑक्टोबर

इथे इंग्लंडात हिवाळ्यासाठी घड्याळं मागे घेतात, तशी आज पहाटे ती एक तास मागे गेली. आई आल्यापासूनचा हा तिचा पहिलाच ‘मागे जाणारा तास’. तो गेला कुठे, हे सकाळभर तिला समजावत होते. शेवटी कंटाळून गाडी काढली आणि तिला डर्बीशरमधल्या हार्डविक हॉलला घेऊन गेले.

साइटवर जाताना एम-वन मोटरवेवरून हा वाडा कितीदा तरी दिसलाय. टेकडीच्या माथ्यावर सहा मनोरे, आणि मनोऱ्यांवर दगडात कोरलेली ‘ई’ आणि ‘एस’ ही अक्षरं. एलिझाबेथ श्रूजबरी, म्हणजे बेस ऑफ हार्डविक, सोळाव्या शतकात हे घर बांधणारी श्रीमंत बाई. चार लग्नं, चारही नवरे हिच्या आधी गेले. शेवटचा, श्रूजबरीचा अर्ल (म्हणजे सरदार), १५९० मध्ये वारला आणि त्याच वर्षी हिनं या घराचा पाया घातला. गंमत म्हणजे शेजारीच तिचं दुसरं घर, हार्डविक ओल्ड हॉल, अजून बांधून पुरं व्हायचं होतं. तेही चालू, हेही चालू. आज ते छप्पर गेलेलं, उघडंबोडकं उभं आहे. १५९७ च्या ऑक्टोबरात ती नव्या घरात राहायला आली तेव्हा सत्तरीची होती. आई म्हणाली, “सत्तराव्या वर्षी वास्तुशांत!” आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं.

ऑफिसच्या इमारतींना काचेचे दर्शनी भाग कसे टांगायचे याची गणितं करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे या घराशी माझं जरा व्यावसायिक भांडण आहे. ‘हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल’, म्हणजे भिंतीपेक्षा काचच जास्त, हे यमक इथे सगळ्यांना पाठ. ते खरंही आहे. काच महाग असण्याच्या काळात, लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून बाईनं भिंतीच्या भिंती भरल्या. अर्थात काचेचा कारखाना तिचाच, शिसं तिच्याच खाणींचं. पण पैसा असला म्हणजे भिंत उभी राहतेच असं नाही. एवढी भोकं पाडलेल्या भिंतीवर तीन मजले आणि वर मनोरे पेलायचे कसे?

उत्तर घराच्या पोटात आहे. मधोमध एक जाडजूड आडवी भिंत वरपर्यंत गेलीय आणि बरीचशी धुराडी बाहेरच्या भिंतींत न ठेवता आत घेतलीत. म्हणजे ओझं आणि धूर दोन्ही मधल्या भिंतीनं सोसायचं, आणि बाहेरच्या भिंतीनं नुसतं मिरवायचं. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. हा मूळचा दगडकाम करणारा गवंडी. नॉटिंगहॅमजवळच्या वॉलटनला त्याच्या थडग्यावर ‘आर्किटेक्टर’ असं कोरलंय. तो शब्द तेव्हा इंग्लंडात नवा होता. आमच्या धंद्यातला आद्यपुरुषच म्हणायचा.

भांडण इथून पुढे. बाहेरून खिडक्या कशा ओळीत, मोजून-मापून. जसजसं वर जावं तसतशा उंच, कारण मानाच्या खोल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. आत गेलं की लक्षात येतं, त्यातल्या काही खिडक्या खिडक्याच नाहीत. काचेमागे धुराडं नाहीतर भिंत. काही ठिकाणी एकच उंच खिडकी, आणि मागे दोन बुटके मजले. बाहेरची ओळ मोडू नये म्हणून आतलं सगळं दडपून बसवलेलं. आम्हीही हेच करतो. स्लॅबची कड, पाइप, केबल, जे दाखवायचं नाही त्याच्यापुढे रंगवलेली अपारदर्शक काच लावतो आणि तिला ‘स्पँड्रल’ म्हणतो. मी ते दर आठवड्याला काढते आणि दर आठवड्याला मनात म्हणते, ही लबाडी आहे. आज सव्वाचारशे वर्षं जुनी तीच लबाडी बघून राग यायचा तो आलाच नाही. धंद्याचं पाणी लागलंय, दुसरं काय.

वर जाणारा जिना मात्र अप्रतिम. रुंद, घासून गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्या, घरातून वळणं घेत, कधी अंधारात कधी उजेडात, थेट हाय ग्रेट चेंबर या मानाच्या दिवाणखान्यापर्यंत नेतात. स्वयंपाकघर तळमजल्यावर, जेवण इथे. मिरवत मिरवत ताटं वर यायची. “म्हणजे गारढोण जेवायचे,” इति आई. या खोलीत वर सगळीकडून गिलाव्यात उठवलेलं, रंगवलेलं रान आहे, त्यात शिकारीची देवी डायना आणि तिचा परिवार. खाली ब्रसेल्सच्या टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं.

आणि इथेच मी चक्रावले. एवढ्या खिडक्यांच्या घरात अंधार! सगळीकडे पडदे ओढलेले. विणकामाचे रंग उडू नयेत म्हणून नॅशनल ट्रस्ट (जुन्या वास्तू जपणारी संस्था, १९५९ पासून घर त्यांच्याकडे आहे) उजेड मोजून आत सोडतं. उजेडासाठी बांधलेलं घर, आणि आता त्यातल्या सामानासाठी उजेडच वर्ज्य. आईला यात काही विशेष वाटलं नाही. वाईच्या तिच्या माहेरच्या वाड्यात बाहेरच्या भिंतीला खिडक्या जेमतेम, उजेड यायचा तो चौकातून. माजघरात दुपारीही डोळे सरावायला वेळ लागायचा. ती सरळ चालत सुटली, अडखळत होते मी.

लाँग गॅलरी सुमारे पन्नास मीटर लांब. भिंतींवर बायबलमधल्या गिडियनच्या कथेच्या तेरा टॅपेस्ट्री, सहा मीटरच्या आसपास उंच. त्या दुरुस्त करायला चोवीस वर्षं लागली, २०२३ मध्ये काम संपलं. बेसनं १५९२ मध्ये सर क्रिस्टोफर हॅटन या राणीच्या दरबाऱ्याच्या वारसाकडून त्या विकत घेतल्या, ३२६ पौंडांना. त्यावर हॅटनची कुलचिन्हं होती. ती झाकायचा खर्च येणार म्हणून ५ पौंड कमी करून घेतले. मग वर आपली चिन्हं रंगवून लावली, आणि हॅटनच्या हरिणींवर शिंगं रंगवून त्यांना आपल्या घराण्याची नर हरणं केलं. हे ऐकून आई इतकी खूश झाली की खुर्चीवर बसलेल्या स्वयंसेवक बाईंना तिनं मराठीतच सांगितलं, “बाई हिशेबी होती हो!” त्यांनी हसून मान डोलावली. मला भाषांतर करावं लागलं नाही.

चहा, स्कोन (केकसारखा इंग्लिश पाव), आईचं ‘यात काय गोड आहे?’ हे सगळं उरकून बाहेर आलो तेव्हा चार वाजून गेले होते. दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. ऊन अगदी खाली आलेलं. मी आईला म्हटलं, “ओळख बघू, यातल्या खोट्या कुठल्या?” ती बराच वेळ बघत राहिली, बोटानं मोजायलाही लागली. तेवढ्यात सूर्य ढगाखालून निघाला आणि सगळ्या काचा एकदम पेटल्या, खऱ्या, खोट्या, धुराड्यापुढच्यासुद्धा. आईचा आकडा चुकला. माझाही.